नेमापुढची मोकळी जागा

लोणावळ्यात ऑगस्टात धुकं उतरलं की भर दुपारी दुकानांत दिवे लागतात, आणि पाहुणे मंडळी त्याला 'क्लायमेट' म्हणून फोटो काढत हिंडतात. इथल्या माणसाला त्याचं काही कौतुक नाही. कपडे वाळत नाहीत, काडी पेटत नाही आणि पुठ्ठे फुगतात. यातल्या पुठ्ठ्यांचा राग सगळ्यात जास्त जैतुनबीला, कारण तिचं पोटच पुठ्ठ्यावर होतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत 'नसीर फ्रेम मेकर' अशी पाटी आहे. नसीर गेला त्याला बरीच वर्षं झाली. तो गेल्यावर दीर मंडळी जमली आणि दुकान विकून टाकावं असा विषय निघाला. जैतुनबी गल्ल्यामागं स्टूल ओढून बसली, नवऱ्याचं कटर आणि लोखंडी पट्टी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आधी मला उचला, मग दुकान उचला." दोन्ही उचललं गेलं नाही. पाटीवरचं नाव तिनं बदललं नाही आणि काम नसीरपेक्षा नीटस केलं.

फ्रेमचं काम म्हणजे नुसत्या चार पट्ट्या ठोकणं नव्हे. काच आणि चित्र यांच्यामध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा बसवतात, त्याला माउंट म्हणतात. खरी गंमत त्या खिडकीत. लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन लोक यायचे आणि हळूच सांगायचे, मावशी, हा कडेचा साडू आता आमच्यात नाही, जरा माउंटखाली घाला. जैतुनबी खिडकी बोटभर आत घ्यायची आणि साडू गेला. फाडायचं नाही, कापायचं नाही. गिऱ्हाइकाच्या चित्राला पातं लावायचं नाही, हा नसीरचा नियम. निम्म्या लोणावळ्याची भाऊबंदकी तिनं अशी पुठ्ठ्याखाली निजवली होती.

दुकानात तिच्या जोडीला तिची लेक उमेरा. उमेराच्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली, काजूच्या आकाराचा पांढरा डाग होता. कोडाचा. स्थळं यायची, डाग बघायची, चहा पिऊन जायची. शेवटी उमेरानं वेणी सोडली आणि केस वर बांधायला लागली. "ज्याला बघायचंय त्यानं दारातूनच बघावं, आपला चहा तरी वाचेल," असं तिचं म्हणणं. आईची जीभ लेकीला पुरती आली होती, आणि आईला त्याचा मनातून अभिमान होता.

बजरंग आला तो अशाच एका धुकट दुपारी. जवळच्या औंढे गावचा गडी, तुंगार्लीच्या तळ्यावरच्या जुन्या बंगल्यात राखणीला होता. चादरीत आणि वरून प्लास्टिकात गुंडाळलेलं, टेबलाच्या फळीएवढं चित्र त्यानं रिक्षातून उतरवलं, पण दुकानात आणताना ते अंगापासून लांब धरलं होतं.

"मावशी, काच फुटलीया. सायेब म्हनले, नवी काच घाला, पुठ्ठा बदला. सुट्टीला पाव्हनं यायचंत."

साहेब म्हणजे गौरव, पुण्याचा तरुण माणूस. कुठल्याशा लहान संस्थानिकाचा तो बंगला त्यानं सामानासकट घेतला होता आणि तिथं पाहुण्यांना उतरवायचा धंदा काढत होता. माणूस वाईट नव्हता. त्याला सगळंच 'रॉयल' वाटायचं, एवढाच दोष.

चादर सुटली. आत शिकारीचं चित्र होतं.

असली चित्रं जैतुनबीनं पुष्कळ बघितली होती. नसीरच्या वेळेला जुन्या वस्तूंचे व्यापारी ढिगानं आणून टाकायचे. त्यामुळे तिची मतं ठाम होती. राजा हत्तीएवढा, हत्ती डोंगराएवढा, आणि रान उठवणारी माणसं मुंगीएवढी, सगळ्यांना मिळून एकच तोंड. वाघ तर इतका आज्ञाधारक की गोळीच्या वाटेत येऊन उभा. "राजाचा नेम चुकलाय असं चित्र मला एकदा तरी दाखवा," ती व्यापाऱ्यांना म्हणायची. "चुकत नसेल होय? पण मग चित्रकाराला पगार कुणी द्यायचा?"

हे चित्र मात्र बघत राहावं असं होतं. डावीकडं हत्ती, हत्तीवर हौदा, हौद्यात हिरव्या अंगरख्यातला दाढीवाला राजा. पागोट्याला मोत्यांचा तुरा, बोटाबोटात अंगठी, खांद्याला लांब नळीची बंदूक आणि बंदुकीची वात पेटलेली. उजवीकडं कारवीच्या झुडपांतून अर्धगोल करून निघालेले हाकारे, म्हणजे ढोल, थाळ्या, काठ्या बडवत जनावर राजाकडं हुसकणारी गावोगावची माणसं. मागं इथल्या नागफणीच्या डोंगरासारखा सुळका. चित्रकार इकडचाच असावा किंवा इकडं येऊन गेलेला. हाकाऱ्यांचे डोळे खाली होते. राजाचे ओठ किंचित उघडे होते, ताट समोर आल्यावर माणसाचे होतात तसे.

आणि बंदुकीच्या नळीसमोर, सगळे जिथं वळले होते तिथं, काहीच नव्हतं. कोरा कागद.

"जनावर काढायचं राहिलं वाटतं," उमेरा म्हणाली.

"मोकळं हाय तवर बरं, ताई," बजरंग म्हणाला आणि बाहेर धुक्याकडं बघायला लागला.

जैतुनबीनं चहा मागवला. माणूस अर्धं बोलून थांबला की तिला अन्न गोड लागत नसे. चहा आला, आणि बशी हातात घेऊन बजरंग हळूहळू बोलता झाला. त्याच्या आधी बंगल्यावर महिपती नावाचा म्हातारा माळी होता. डाव्या पायानं लंगडा. साहेबांनी बंगला घेतला तेव्हा साफसफाई निघाली, आणि त्यात महिपतीनं हे चित्र पुसलं. काच तेव्हाच फुटलेली होती. दुसऱ्या दिवशी बजरंग बघतो तर मोकळ्या जागेत सांबर उभं. डावा पाय वर उचललेलं.

"मी म्हनलं, आधीपासनं आसंल, धुळीनं दिसत नसंल. मग योक दिवस आसंच धुकं पडलं, आन् म्हातारा दूध आनाया ग्येला त्यो आलाच न्हाई. तळ्याच्या बांधाखाली घावला. आंगाव जखम न्हाई काय न्हाई. पर मावशी, तोंडाला फेस, पायाची पार सालटी निघालेली. लय पळल्यावानी. डाक्टर म्हनला, हार्ट. आता त्यो लंगडा मानूस, त्यो पळंल कसा?"

"आणि सांबर?"

"ग्येलं. पुन्यांदा मोकळं."

जैतुनबी हसली. हसली खरी, पण बशीतला चहा तिनं खाली ठेवला. "पुसलं म्हणतोस, ते कशानं?"

"थुकीनं. आंगठा वला करून. ह्या मोकळ्या जागंव माशीचा डाग हुता म्हने, त्यो काढला..."

बोलता बोलता तो थांबला. टेबलाशी उमेरा उभी होती. तिच्या हातात काडीला गुंडाळलेला कापूस होता आणि तो मळका झाला होता. जुन्या कागदावरचा मळ पाण्यानं काढला तर कागद फुगतो, म्हणून या धंद्यात कापूस जिभेवर ओला करतात. नसीर तेच करायचा, जैतुनबी तेच करायची, लेकीनंही तेच केलं होतं. मोकळी जागा मघापेक्षा लख्ख दिसत होती.

"झालं की स्वच्छ," उमेरा म्हणाली. "काय झालं? असे काय बघताय दोघं?"

बजरंगनं बशी तशीच ठेवली आणि सलामही न करता तो निघून गेला.

त्या रात्री जैतुनबी नीट झोपली. ती भित्री बाई नव्हती, आणि लंगडी माणसं हार्टनं मरतात हेही तिला ठाऊक होतं. सकाळी मात्र दुकान उघडल्यावर तिनं चित्रावरचा पातळ कागद उचलला नाही. दुसरी कामं हातात घेतली. आपण ती मुद्दाम घेतोय हे तिला कळत होतं आणि त्याचा तिला रागही येत होता.

दुपारी गौरवचा फोन आला. चित्र ज्या भिंतीवर लावायचं ती एकदा मोजून न्या, खिळा कुठं घ्यायचा ते सांगा. उमेरा टेप घेऊन निघाली. जैतुनबी म्हणाली, धुकं लय आहे, उद्या जा. उमेरा म्हणाली, उद्या काय धुकं सुट्टीवर जाणारेय का. आणि गेली.

ती जाऊन बराच वेळ झाल्यावर बजरंग दारात आला. बंगल्याचं सामान न्यायला बाजारात आला होता, हातात पिशव्या होत्या. "ताई भिताड मोजून कवाच निगाली," तो म्हणाला. "आली का?"

"नाही अजून."

जैतुनबीनं चित्रावरचा कागद उचलला.

मोकळ्या जागेत भेकर होतं. कोवळं, तांबूस, कान मागं टाकून पळणारं. ब्रशचे फटकारे इतके बारीक होते की अंगावरचा एकेक केस दिसत होता, आणि रंग जुना होता, चित्राइतकाच जुना, बारीक तडे गेलेला. डाव्या कानाखाली, मानेवर, एक पांढरा डाग होता. काजूच्या आकाराचा.

आयुष्यात पहिल्यांदा जैतुनबीला वाटलं की खाली बसावं आणि कुणीतरी येऊन हे आवरावं. पण येणार कोण? तिनं फोन उचलला.

खूप वेळ रिंग वाजली. मग उमेराचा आवाज आला, धाप लागलेला.

"अम्मी, मी वाट चुकले वाटतं. उतार लागायला पाहिजे ना? चढच लागतोय..."

"कुठं आहेस?"

"काही दिसत नाही. घरं नाहीत, दिवे नाहीत. कारवीच कारवी आहे. आणि मागून कुणीतरी..."

"कुणीतरी काय?"

"थाळ्या वाजवतंय. खूप जण आहेत. ढोल पण आहे. मी डावीकडं वळले की डावीकडून वाजतं, उजवीकडं वळले की तिकडून. पुढं मात्र एकदम शांत आहे, अम्मी. पुढं वाट मोकळी आहे. मी तिकडंच चाललेय."

फोनमधून तो आवाज जैतुनबीलाही ऐकू येत होता. लांबचा, धुक्यात भिजलेला, पण एका ठेक्यातला. दुकानात कसला तरी वास यायला लागला. वाळ्याचं अत्तर, हत्तीचं शेण आणि जळती वात. टेबलावरच्या चित्रात भेकर मघापेक्षा नळीच्या जवळ होतं. हलताना दिसलं नव्हतं. जवळ मात्र होतं.

"बजरंगा," जैतुनबी म्हणाली. "तुझ्या गावातून हाक्याला जायची ना माणसं?"

"व्हय. आमचा पंजा, आज्याचा बा, जायचा. धरूनच न्यायचे, मावशी, कोन खुशीनं जातंय? चुकून जनावर आंगाव आलं तर मेला म्हनून सोडून द्यायचे."

"हाक्यातून जनावर सुटायचं का कधी?"

"सुटायचं की. आजा सांगायचा." बजरंगनं पिशव्या खाली ठेवल्या. "म्होरं जे शांत आसतंय ना, तितंच बंदूक आसती. जनावर आवाजाला भिऊन म्होरं पळतं आन् मरतं. पर योखादं खवळून माघारी फिरलं, सरळ थाळ्यांव चाल करून ग्येलं, की हाकारे बाजूला व्हायचे. त्यांच्या हातात काय, थाळी. त्यास्नीबी जीव हाय. आन् खरं सांगू, त्यास्नी ते सुटल्यालं बरंच वाटायचं."

जैतुनबीनं फोन तोंडाशी धरला. "उमेरा, थांब. आहेस तिथं थांब."

"थांबवत नाही अम्मी, पाय आपोआप..."

"थांब म्हणते ना. आता तोंड फिरव. जिथून आवाज येतोय तिकडं."

"काय?"

"आवाजाकडं चाल. सरळ अंगावर जा त्यांच्या."

"अम्मी, तिकडं ते आहेत..."

"तेच म्हणते मी. तुला बघायला आलेल्यांसमोर केस वर बांधून बसलीस तेव्हा घाबरली नाहीस, आता थाळ्यांना घाबरतेस? जा. मी इकडं आहे, या दाढीवाल्याचं मी बघते. तू फक्त मागं वळून..."

फोन बंद पडला.

चित्र जाळायचं बजरंगच्या मनात आलं होतं, त्यानं काडेपेटीही काढली होती. जैतुनबीनं त्याच्या हातावर फटका मारला. "पोर आत आहे माझी." तेच कापण्याचं. एक पातं चुकून कुठं लागलं तर? आणि नसीरचा नियम होताच. पण झाकायला नसीरनं कधी ना म्हटलं नव्हतं.

तिनं माउंटचा पुठ्ठा ओढला. काळा, सगळ्यात जाड. लोखंडी पट्टी टाकली. कटर चालवलं. उजवीकडचे हाकारे खिडकीत घेतले, सुळका घेतला, भेकर घेतलं. बंदुकीच्या नळीच्या टोकाशी खिडकी संपवली. त्याच्या डावीकडचं सगळं, नळी, वात, अंगठ्या, पागोटं, हौदा, हत्ती, काळ्या पुठ्ठ्याखाली.

"मावशी, राजाला?" बजरंग पुटपुटला.

"साडू झाकले, जावा झाकल्या. हा कोण मोठा लागून गेला?"

पुठ्ठा चित्रावर बसेना. डावी बाजू खालून कुणीतरी रेटत होतं. जैतुनबीनं दोन्ही तळवे त्यावर टेकले. पुठ्ठा ऊन होता, तापाच्या माणसाच्या कपाळासारखा, आणि त्याच्याखाली काहीतरी श्वास घेत होतं, संथ, घाई नसलेला, आजवर एकदाही नेम न चुकलेल्या माणसाचा श्वास. भीती तिला होतीच. पण त्या संथपणाची तिला जी चीड आली ती भीतीहून मोठी होती. तिनं गुडघा टेबलावर चढवला आणि अख्ख्या अंगाचा भार पुठ्ठ्यावर टाकला.

"माझ्या दुकानात," ती दातओठ खात म्हणाली, "चित्र कुठवर दिसायचं ते मी ठरवते. बजरंगा, काच आण. वर दाब. मागचा पुठ्ठा घाल. आता खिळे."

बजरंगनं खिळे ठोकले. शेवटचा खिळा बसताना आवाज झाला. हातोडीचा नव्हे. बंदुकीचा. लांबून, तुंगार्लीच्या डोंगरावरून आल्यासारखा, आणि त्याच वेळी पुठ्ठ्याच्या खालून आल्यासारखा. दुकानातला दिवा गेला. जैतुनबी काचेवर तशीच पडून राहिली आणि तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. चित्राकडं बघायचं धाडस तिला झालं नाही. भेकर पडलेलं दिसलं असतं तर तिला पुढं जगायचं नव्हतं.

किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता येणार नाही. दारातलं धुकं हललं आणि उमेरा आत आली.

पायात चपला नव्हत्या. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, हातांवर कारवीचे ओरखडे. ती भिंतीला टेकून बसली आणि आईनं तिचं डोकं छातीशी धरलं तेव्हा रडली. जैतुनबीही रडली, मोठ्यानं, लाज न बाळगता. बजरंग पाण्याचा तांब्या धरून बाजूला उभा राहिला.

"तू म्हणालीस म्हणून फिरले," उमेरा म्हणाली. "डोळे मिटून पळत गेले त्यांच्या अंगावर. आवाज एवढा झाला की वाटलं डोकं फुटेल. डोळे उघडले तर समोर माणसं. धुक्यासारखीच. उघडी, डोक्याला मुंडासं. सगळ्यांची तोंडं सारखी. एकाचं मात्र वेगळं होतं. म्हातारा होता. त्यानं थाळी खाली घेतली आणि बाजूच्याला कोपरानं ढकललं. मला म्हणाला, 'जा बाय, हितनं जा.' मी त्याच्या बगलेतून गेले. मागून गोळी आली, ओढणीला लागली. पुढं एकदम हायवेच लागला, गाड्याबिड्या सगळं."

ओढणीच्या टोकाला बोट जाईल एवढं भोक होतं, कडा जळलेल्या.

"म्हातारा," बजरंगनं विचारलं, "चालताना..."

"लंगडत होता. डाव्या पायानं."

बजरंगनं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

मग तिघांनी मिळून चित्र उभं केलं. भेकर नव्हतं. मोकळी जागा पुन्हा कोरी होती. हाकारे होते, पण त्यांच्यात एक जागा फुटली होती, दोन माणसं बाजूला सरकल्यावर मध्ये पडते तेवढी.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गौरव स्वतः आला. धुकं तसंच होतं. त्यानं चित्र बघितलं आणि आधी त्याला वाटलं की आपलं चित्र हे नव्हेच.

"मावशी, राजा कुठं गेला?"

"माउंटखाली आहे."

"अहो, पण राजाशिवाय शिकार कसली? लोक राजा बघायला येणार ना."

"मग इतकी वर्षं राजाच बघितला, आता ही बाकीची माणसं बघू दे. तोंडं बघा त्यांची."

गौरवनं वाकून बघितलं, आणि जैतुनबीनंही. काल सगळ्यांचे डोळे खाली होते. आता एकाचेही नव्हते. प्रत्येकाचं तोंड निराळं होतं, कुणी पोरगेलं, कुणी देवीच्या वणांचं, कुणी दात पडलेलं. आणि सगळे डावीकडं बघत होते, पुठ्ठ्याच्या काळ्या कडेकडं.

गौरव अवघडून हसला. "हे काय कळलं नाही मला. पण राजा दिसायलाच पाहिजे, मावशी. माउंट काढा."

"मी नाही काढणार."

"चित्र माझं आहे."

"आहे ना. खिळे मागं आहेत, पक्कड ही घ्या. पण काल माझी लेक या चित्रानं जवळजवळ खाल्ली होती, आणि तुमच्या बंगल्यातला म्हातारा खाल्ला. तुम्हाला खरं वाटू दे नाहीतर न वाटू दे. माझ्या हातानं त्या माणसाला मी पुन्हा उजेड दाखवणार नाही."

गौरवनं, काहीशा हट्टानं, पक्कड घेतली आणि मागचे खिळे उपसले. जैतुनबीनं उमेराला आपल्या मागं घेतलं, लोखंडी पट्टी हातात धरली आणि सरळ उभी राहिली. गौरवनं पुठ्ठ्याची डावी कड उचलली.

हत्ती होता. झूल होती. हौदा होता आणि हौद्याच्या कडेला टेकवलेली बंदूक होती. वात विझलेली.

हौदा रिकामा होता. बसायच्या गादीवर माणूस उठून गेल्यावर राहतो तसा खळगा उरला होता, आणि हौद्यावरून खाली, हत्तीच्या पायाशी, झुडपं मोडलेली होती.

"हे असंच होतं का आधी?" गौरवनं हळू आवाजात विचारलं.

त्यानं पुठ्ठा जागेवर ठेवला, हात रुमालाला पुसले, पुन्हा पुसले. "राहू दे इथंच," तो म्हणाला. "मी त्या भिंतीवर दुसरं काहीतरी लावतो." जाताना तो गाडीपर्यंत पळत गेला.

जैतुनबीनं माउंट पुन्हा बसवला, खिळे पुन्हा ठोकले आणि चित्र दुकानात, गल्ल्याच्या मागं, टांगलं. नसीरच्या फोटोशेजारी.

त्याच संध्याकाळी, दुकान बंद करायच्या बेतात असताना, थाळ्या ऐकू आल्या. यावेळी तुंगार्लीकडून खाली येत होत्या, बाजाराच्या दिशेनं. गल्लीत धुकं असं भरलं होतं की समोरचा चिक्कीवाला दिसत नव्हता. उमेरानं शटर खाली ओढलं आणि कुलूप घातलं. मायलेकी आत उभ्या राहिल्या.

कुणीतरी पळत आलं. पळायची सवय नसलेलं, जड, धापा टाकणारं. दागिन्यांचा आवाज येत होता. शटरपाशी येऊन ते थांबलं आणि फटीतून वाळ्याच्या अत्तराचा वास आत आला.

"उघड," बाहेरून आवाज आला. विनंती नव्हती. आजवर ज्याला कुणी दार लावलं नाही अशा माणसाचा आवाज होता. "उघड दार..."

उमेरानं आईचा हात धरला. जैतुनबीनं घसा साफ केला.

"दुकान बंद झालंय," ती म्हणाली. "पुढं वाट मोकळी आहे. तिकडं जा."

बाहेर काहीतरी जड खाली कोसळलं आणि शटरवर नखं ओढल्याचा आवाज झाला. थाळ्या गल्लीच्या तोंडाशी आल्या होत्या. मग ते जे काही होतं ते उठलं आणि पळालं, नागफणीच्या बाजूला, आणि थाळ्या त्याच्या मागं गेल्या. त्यांना घाई नव्हती. त्यातल्या एकाच्या पावलांचा आवाज लंगडा होता.

चित्रातली ती जागा अजून कोरीच आहे. धुकं फार दाटलं की दुपारीसुद्धा डोंगराकडून थाळ्या ऐकू येतात, आणि पाहुणे विचारतात की इथं लग्न कुणाचं आहे. उमेरा सांगते, असेल कुणाचं तरी.

दिवाळीत गल्लीतल्या सगळ्यांनी दुकानांना रंग दिला. जैतुनबीनंही दिला, पण शटरवरचे ओरखडे तिनं रंगवू दिले नाहीत. शिकारीची खूण घरात ठेवायची असते, ती रंगाऱ्याला म्हणाली. रंगारी वाकून बघत होता. अंगठ्या घातलेल्या बोटांचे ओरखडे होते ते, पाचही बोटांचे, दोन्ही हातांचे. रंगाऱ्याला एवढंच कळेना, की मोठ्या माणसाच्या हाताचे ओरखडे असून ते सगळे गुडघ्याच्या खाली कसे.